'अग्निग्रह'चा चौथा खंड

कल्याणराव तिसऱ्यांदा खुर्चीतून उठले. "पुतण्यानंच नेलाय, बाई. सकाळीच घराबाहेर काढला त्याला. आता पुण्याला निघालाय."

बन्सीधरांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. एकची गाडी सुटली की पुतण्या महांतेश हातचा गेला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते खासगी तपास करणाऱ्या रेणुकाला सोबत करीत. पण परभणीहून गंगाखेडला धावत येऊन ही बाई कपाटापुढं नुसती उभी का, ते त्यांना कळेना.

कपाटात 'अग्निग्रह' होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या विज्ञान-चित्रकथांचा संग्रह. छापखाना बंद पडला, खंड पुन्हा निघाले नाहीत. कल्याणरावांनी बावीस वर्षं रद्दीची दुकानं पालथी घालून सातही मिळवले होते. आज चौथा गायब होता.

कुलूप शाबूत होतं. उरलेल्या सहा खंडांत कडुनिंबाचा हिरवा पाला होता. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं सरकलेलं, आणि मागच्या भिंतीचा खालचा पट्टा पांढराशुभ्र.

"किल्ली कुणाकडं असते?" रेणुकानं विचारलं.

"माझ्या करदोट्याला. छातीत दुखलं म्हणून तीन दिवस दवाखान्यात होतो, तेवढी हिच्याकडं होती. कालच घरी आलो."

"मी कपाट उघडलंच न्हाई," त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाई दारातून घाईनं म्हणाल्या.

रेणुकानं वालूरच्या दत्तरावांना फोन लावला. तेही हेच खंड जमवीत. कल्याणरावांच्या आजारपणात विचारपूस करून गेले होते.

"चौथा?" दत्तराव हसले. "माझ्याकडं दोन हायत की! न्यायचाच असता तर पाचवा नेला असता. तो लय दुर्मिळ."

पाचवा कपाटात जागच्या जागी होता.

बसस्थानकावर महांतेश बॅग घेऊन बसला होता. "मीच विकला," तो विचारायच्या आधीच म्हणाला.

"कुणाला?"

"आठवत न्हाई."

बन्सीधरांना वाटलं, संपलं काम. रेणुका मात्र त्याची नखं पाहत होती. त्यांत चुना भरला होता. तिनं रिक्षा परत घराकडं वळवली.

"चोरी झालीच नाही, कल्याणराव," ती म्हणाली. "चोर पाला घालून जात नाही. संग्रह करणारा पाचवा सोडून चौथा नेत नाही. विकणारा गिऱ्हाईक विसरत नाही. कपाट पुढं ओढून भिंतीला चुना कशासाठी लावला? वाळवी लागली होती म्हणून. किल्ली बाईंकडं, चुना महांतेशच्या नखांत. तुम्ही दवाखान्यात असताना दोघांनी सहा खंड वाचवले. चौथा वाचला नाही."

त्रिवेणीबाईंनी आतून स्टीलचा डबा आणला. त्यात माती आणि रंगीत कागदाचा भुगा.

"डॉक्टर म्हणले, धक्का बसू देऊ नका," त्या रडू लागल्या. "तुमी आज लगेच कपाट उघडताल असं वाटलं न्हाई. आळ आला तरी गप ऱ्हा, असं पोरानंच शपथ घालून सांगितलं."

कल्याणरावांनी डब्याकडं पाहिलंही नाही. ते तसेच अनवाणी रिक्षात बसले. बन्सीधर कसेबसे शेजारी शिरले.

गाडी सुरू झाली होती. महांतेश खिडकीशी होता.

"उतर!" कल्याणराव पत्र्यावर थापा मारत ओरडले.

"काका, पळत कशाला आलात? डॉक्टरनं—"

"आधी उतर. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

महांतेशनं उडी टाकली आणि काकांना धरून बाकावर बसवलं. बॅग गाडीतच राहिली. बन्सीधर धोतर सावरत गाडीमागं धावत सुटले.