उभ्या मापाचा पायजमा

लाईन गेली की आमच्या गल्लीतली पोरं विहाराच्या पायऱ्यांवर जमतात आणि भीमराज मामाला भुताची गोष्ट मागतात. मामा आधी म्हणतात, "आपण भूत मानत नाही." मग सांगतात. परवाही तसंच झालं.

"माह्या वळखीची एक बाई होती," मामानं सुरू केलं. "तिचा भाऊ पांगळा. एका राती ते रस्त्यानं येऊन राह्यली होती..."

मी तिथंच तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"वळखीची कायले म्हणता मामा? मीच ते. अन् तुमी शेवट चुकवता. सरका तिकडं."

"आत्या, खरी हाय?" अपेक्षानं विचारलं.

"खोटं सांगायले मले येळ नाही."

मग मीच सांगितली. ती अशी.

धम्मरत्न माझा धाकटा भाऊ. पाय जन्मापासून गुडघ्यात दुमडलेले, ते कधी उघडलेच नाहीत. बोलणं कमी, हसणं जास्त. आई गेल्यावर त्याचं सगळं मीच केलं. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी पाठवलं. डॉक्टर हळूच म्हणाले, जे मागेल ते खाऊ घाला.

तेव्हापासून जो येई तो रडकं तोंड घेऊन. धम्मा खाटेवर बसून पोहे खातोय आणि त्याच्या देखत लोक 'होता' म्हणतात. "मोठा गोड होता वं." शेजारच्या कौसल्या काकूनं तर हद्द केली. महागावहून पांढरं कापड आणून आमच्याच गव्हाच्या कोठीत लपवलं. माझ्या हाताला लागलं.

"काकू, हे काय?"

"रातीबेराती कुठून आणशीन? सुटन वं बिचारा."

"कशातून सुटन? मीनं बांधून ठेवला का त्याले?"

कापड पिशवीत कोंबलं आणि फाट्यावर गेले, खेमसिंग शिंप्याकडे. म्हटलं, याचा शर्ट-पायजमा शिव, धम्मासाठी. खेमसिंगला धम्माचं माप पाठ. लेकराच्या पायजम्याएवढी लांबी, गुडघ्यापाशी ढगळ. त्यानं टेपही हातात घेतला नाही.

"तसं नाही," मी म्हणाले. "उभ्या माणसाचं शिव."

"पण ममताताई, त्याचे पाय..."

"सरळ हायेत असं समजून शिव."

"सरळ तर आता एकदम तिरडीवर..." त्यानं जीभ चावली आणि मान खाली घालून मशीन चालवू लागला.

मी तिथंच बसून राहिले. शिवूनच घेऊन निघाले तेव्हा अंधार पडला होता. दिवाळीनंतरचा पहिला गुरुवार. फाट्यापासून गावापर्यंत पायीच यावं लागतं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. त्या आठवड्यात शेताची लाईन रात्रीची, म्हणून विहिरींवरच्या मोटारींची घरघर सोबतीला होती.

नाल्याच्या पुलापाशी आले आणि मोटारी बंद पडल्या. सगळ्या. एकदम.

मागून आवाज आला.

"माह्यं कापड दे."

वाटलं, कोणी दारू पिऊन आलाय. थांबले नाही.

"कापड दे वं बाई..."

"तुह्यं नाव लिवलं हाय त्याच्यावर?"

"माह्याच नावानं आणलं होतं..."

मी वळले.

कठड्याशी उभं होतं. उंच. उघडं. तोंड होतं, पण पाहिलं की लगेच विसरायला होत होतं. खोटं कशाला सांगू, मी पळतच सुटणार होते. पण लोकांचं ते 'होता' आठवलं. डोकं फिरलं माझं.

"ते कापड राह्यलं नाही आता," मी म्हणाले. "पायजमा झाला त्याचा. घालून पाह्यतो का?"

ते जवळ आलं. पावलं वाजली नाहीत.

मी मोबाईलचा उजेड खाली मारला. घोटे होते. घोट्याखाली नुसतं डांबर.

"पायजमा घालायले पाय लागतात!" मी ओरडले. "जाय, पाय घेऊन ये. मंग माग."

मोटारी सुरू झाल्या. कठड्याशी कोणी नव्हतं.

घरी येऊन धम्माला कपडे चढवले. पाय कुठच्या कुठं राहिले आणि पायजमा खाटेखाली लोंबू लागला. तो त्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ताई, मी लंबा!" आणि खोकला येईपर्यंत हसला.

हिवाळा काढला त्यानं. भीमजयंतीची मिरवणूक दारात खाटेवर बसून पाहिली, काकूच्या त्या पांढऱ्या कापडावर निळा गुलाल पाडून घेतला. काकू बघत होती. मी मुद्दाम तिच्याकडे बघत होते.

मे महिन्यात गेला. झोपेत. सकाळी काकूनं तोंड उघडलं, "सुटला वं..."

"काकू, या घरात तो शब्द काढायचा नाही."

मी त्याच्या पायावरची चादर सारखी करायला गेले. अंगात तोच लांब पायजमा होता, त्याच्या खालच्या पट्टीला हात लागला. गार. ओली. काळी माती होती, ओल्या शेतातून चालून आल्यावर लागते तशी, शिवणीत पार गच्च बसलेली. बाहेर ऊन पेटलं होतं. अंगणात धूळ. घरात फरशी.

मी तो पायजमा काढून ठेवला.

सांगून झालं तरी पोरं हलेनात. मामा म्हणाले, "मंग मी तेच तं सांगतो. तो पुलावरचा पाय मागाले आला अन् धम्माले नेला."

"इथंच चुकवता तुमी. पायजमा कोणाच्या अंगावर होता?"

"धम्माच्या."

"मंग चालला कोण? नेला नाही, मामा. तो गेला. आपल्या पायानं."

पोरांतला आयुष हळूच म्हणाला, "माती आत्यानंच लावली असन."

"चाल," मी उठले. "कोठीत ठेवला हाय. धुतला नाही."

आयुष जागचा हलला नाही. अपेक्षा आली. मी कोठीचं झाकण उचललं, मोबाईल धरला. तिनं पट्टीवर बोट टेकवलं. उजेडात धरून पाहिलं.

मे जाऊन सात महिने होत आले होते.

तिचं बोट काळं झालं होतं. ओलं.