इथे रडकं कोणी आहे का?

त्या दुपारी मंजिरीला थोडा वेळ काढायचा होता, एवढंच. शाळेला फेब्रुवारीची सुट्टी, बाहेर भुरभुर पाऊस, कॉलरमधून आत शिरणारा वारा, नवरा पुष्कर ऑफिसात, आणि सात वर्षांची लेक अन्वी सकाळपासून कुरकुरत असलेली. मंजिरीच्या बँकेतल्या नव्या नोकरीसाठी ते लंडनमधलं इल्फर्ड सोडून एडिनबराला आले, तेव्हापासून पोरगी रोज रडायची. शाळेत जाताना, मोजे घालताना, पोळी गार झाली म्हणून. शहराच्या बंदराकडे, लीथच्या बाजूला एका जुन्या चर्चमध्ये थाटलेलं छोटं म्युझियम दिसलं, तशी मंजिरी ऊब मिळेल म्हणून तिला घेऊन आत शिरली.

आत जपानमधल्या एका प्रथेचं प्रदर्शन होतं. डेस्कवरच्या स्कॉटिश मुलीने मोठ्या हौसेने समजावून सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या रात्री तिकडच्या काही खेड्यांतले तरुण भयंकर मुखवटे चढवतात, गवताचे झगे पांघरतात आणि घरोघरी पाय आपटत जाऊन आरोळी ठोकतात, "इथे रडकं पोर आहे का?" यांना म्हणायचं नामाहागे. मुलं भीतीने आईबापांना बिलगतात. मग घरचा कर्ता पुढे होतो, पाहुण्यांना खाऊपिऊ घालतो आणि सांगतो, नाही हो, आमची मुलं गुणी आहेत. पाहुणे घराचं भलं चिंतून निघून जातात.

"राक्षस वाटतात, पण देवच ते," मुलगी म्हणाली. "घरच्यांनी फक्त मुलांची बाजू घ्यायची असते."

आपला बागुलबुवाच की, मंजिरीच्या मनात आलं.

शेवटच्या दालनात एक जपानी खोली उभी केली होती. जमिनीवर चटया, मधोमध चुलीचा चौकोनी खळगा आणि समोर सरकतं लाकडी दार. दार बोटभर उघडं होतं. फटीतून नुसता काळोख दिसत होता आणि वाळल्या गवताचा वास येत होता, गोठ्यात येतो तसा, उबदार. त्या दोघींशिवाय तिथे कोणी नव्हतं.

"मम्मा, मला भूक लागला. मला नाही आवडत हा रूम." अन्वीचे ओठ थरथरायला लागले, आणि मग नेहमीचं सुरू झालं.

तेवढ्यात दारापलीकडे कोणीतरी पाय आपटला.

चटया हादरल्या. पुन्हा एक पाय, पुन्हा एक, जड, सावकाश. मग घोगऱ्या आवाजात जपानीतली एक आरोळी. शब्द कळले नाहीत, पण प्रश्न विचारलाय हे कळत होतं. अन्वी किंचाळून आईच्या कोटात घुसली आणि आणखीच मोठ्याने रडायला लागली. मंजिरी दमली होती. इतक्या महिन्यांचा शीण एकदम तोंडातून बाहेर पडला.

"हो, आहे ना! आहे इथे एक रडकी. घेऊन जा हिला!"

आवाज थांबला. स्पीकर बंद व्हावा तसा नाही, तर कान देणारं माणूस थांबतं तसा. दाराच्या अगदी पलीकडे गवत सळसळलं. आणि अन्वीचं रडणं मध्येच तुटलं. हुंदका अर्ध्यावर राहिला, तो पुरा झालाच नाही.

बाहेर पडताना मंजिरी डेस्कपाशी उसनं हसली. "तुमचे साउंड इफेक्ट्स जबरदस्त आहेत हां."

"साउंड?" मुलगी गोंधळली. "त्या खोलीत आम्ही काहीच लावलेलं नाही."

सुरुवातीचे काही दिवस मंजिरीने तो विचार झटकून टाकला. घर शांत झालं होतं. "मोठी झाली गं आपली पोर," पुष्कर खुशीत म्हणाला. शाळेतूनही कौतुक आलं.

मग एका संध्याकाळी गाडीचं दार अन्वीच्या बोटावर बंद झालं. नख उलटलं, रक्ताची धार लागली. अन्वीने हात वर धरून पाहिला. "मम्मा, माझा बोट तुटला वाटते," ती म्हणाली. पाऊस आला वाटतं, असं सांगावं तशी.

हॉस्पिटलात टाके घालताना सगळे म्हणाले, काय धीराची मुलगी आहे. पण मंजिरी समोर बसली होती, तिला दिसत होतं. अन्वीचा चेहरा वेडावाकडा होत होता, तोंड उघडत होतं, छाती भरून येत होती. आवाज नाही. डोळे कोरडे.

"येत नाही, मम्मा..." ती कुजबुजली.

"काय येत नाही, बाळा?"

"रडणं. तू देऊन टाकलीस ना..."

दुसऱ्या दिवशी मंजिरीने ऑफिसला कळवून टाकलं आणि अन्वीला घेऊन पुन्हा म्युझियम गाठलं. घरात होते नव्हते तेवढे बेसनाचे लाडू तिने डब्यात भरून घेतले होते. चटईवर, चुलीच्या खळग्यापाशी ती गुडघे टेकून बसली, डबा उघडून दारासमोर ठेवला.

"माझं चुकलं," ती मराठीतच म्हणाली. दुसरी कुठली भाषा सुचेना. "माझी मुलगी गुणी आहे. मी रागाच्या भरात बोलले... तिचं रडणं मला परत द्या."

मग गवत सळसळलं. फटीतून तो उबदार वास आला आणि तोच घोगरा आवाज, आता अगदी हळू, स्वच्छ मराठीत म्हणाला,

"कोणतं?"

आणि दारापलीकडे रडणं सुरू झालं. एका मुलाचं नव्हे. कितीतरी मुलांचं... तान्ह्यांचं, मोठ्यांचं, हुंदके, किंकाळ्या, झोपेतलं मुसमुसणं. एकावर एक चढत जाणारं, मागे मागे दूरवर पसरलेलं. जेवढ्या आया कधी वैतागून बोलून गेल्या असतील, तेवढ्यांच्या मुलांचं.

मंजिरीने डोळे मिटून कान दिला. आईला कळत नाही का? पण ज्या रडण्याला ती इतके महिने नुसती कंटाळली होती, ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. हे वाटलं... नाही, ते. शेवटी डावीकडचं एक बारीक, अडखळत येणारं रडणं तिला ओळखीचं वाटलं. वाटलं.

"हे," ती म्हणाली. "हे माझं."

सगळं एकदम थांबलं. शेजारी अन्वीने खोल श्वास घेतला आणि हंबरडा फोडला. मंजिरीने तिला छातीशी घट्ट धरलं, आणि दोघी कितीतरी वेळ रडत राहिल्या. निघताना तिने डबा उचलला नाही. त्यात पाहिलंही नाही.

घरी येईपर्यंत अन्वी रडतच होती. पुष्कर धावत आला. मंजिरी डोळे पुसत हसली, "रडू दे रे तिला. मनसोक्त रडू दे." तिने अन्वीला मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला. पोरीने तो हात बाजूला सारला.

"आई पाहिजे," ती म्हणाली. आजवर तिने कधी आई म्हटलं नव्हतं.

"मी आहे ना गं इथे..."

अन्वीने भिजल्या डोळ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू नाही."

ती आता रोज रडते. तिला जवळ घेतलं तरी थांबत नाही. फक्त मधूनच गप्प होते, फ्लॅटच्या बंद दाराकडे कान देते, आणि पलीकडून कोणी समजूत घालत असल्यासारखी हळूच मान डोलावते.