पेटीत राहिलेला ससाणा

"आज तरी उडतोय का तुमचा आळशी?" असं म्हणत शास्त्रीनं ताईच्या हातातली दुर्बीण ओढून घेतली.

सुट्टीत ताई आणि तिचा धाकटा भाऊ पिटुक आत्याकडे राहायला आले होते. आत्या शिकारी पक्ष्यांवर संशोधन करायची. शास्त्री तिचा मुलगा. सगळं ठाऊक असल्यासारखा बोलायचा, म्हणून हे नाव. संशोधन केंद्राच्या गच्चीसमोर एक जुनी, कोरडी पाण्याची टाकी होती. तिच्या कठड्यावर आत्यानं बसवलेल्या लाकडी पेटीत बहिरी ससाण्याच्या जोडीनं दोन पिल्लं वाढवली होती. दर दहा मिनिटांनी पिल्लं काय करतात ते वहीत लिहायचं, एवढंच मुलांचं काम.

मादी पिल्लू चार दिवसांपूर्वी उडून गेलं. नर मात्र पेटीच्या तोंडाशीच होता. त्याची आई पायात पाखरू धरून समोर घिरट्या घालायची, ओरडायची, पण जवळ यायची नाही. नर झेप घ्यायचा आणि पेटीच्या काठावरच तोंडघशी पडायचा. चार दिवस मुलं त्याला पोट धरून हसत होती.

"त्याला भूक लागली असेल रे," पिटुक म्हणाला. "आई देत का नाही?"

"बाहेर पडावा म्हणून. उडाला की मिळेल," शास्त्री म्हणाला. "माझी आईही तेच करते. अंथरुणातून उठल्याशिवाय दूध नाही."

ताई आज हसली नाही. ती वहीची सुरुवातीची पानं चाळत होती. "आत्यानं इथं लिहिलंय, नर अंगानं लहान असतो, म्हणून तो मादीच्या आधी उडतो. आपल्याकडे उलटं कसं?"

"आजारी असेल."

"आजारी पक्षी इतका जोर करेल? सकाळपासून एकोणतीस झेपा. आणि दर वेळी डावा पाय मागे राहतो. नीट बघ."

शास्त्रीनं बघितलं. मग हळूच म्हणाला, "कुणीतरी मागून ओढल्यासारखा."

पिल्लं तीन आठवड्यांची झाल्यापासून आत्या टाकीवर चढत नव्हती. माणूस दिसला की मोठी पिल्लं घाबरून वेळेआधीच उडी टाकतात. शिडीच्या दाराची किल्ली फक्त कॅमेरावाल्या काकांकडे होती. ते केंद्रासाठी माहितीपट बनवत होते. पेटीच्या मागच्या बाजूनं कॅमेऱ्यातलं कार्ड बदलायचं आणि उतरायचं, एवढीच मुभा आत्यानं त्यांना दिली होती.

"आईला सांगू या," शास्त्री म्हणाला.

"काका म्हणतील, पोरांचे खेळ आहेत. त्यांच्याच तोंडून बाहेर यायला हवं," ताई म्हणाली.

दुपारी आत्या प्रयोगशाळेत पिसं मोजत बसली होती. ताईनं शेजारच्या खोलीचं मधलं दार उघडून ठेवलं. त्या खोलीत काका जेवत होते. पिटुक धापा टाकत आत शिरला.

"काका, नर उडाला!"

काकांनी डब्यातून मान वर केली नाही. "काहीतरीच. गाठ मी स्वतः..." ते थांबले.

"कसली गाठ?" आत्या दारात उभी होती.

काका हसले. "अहो मॅडम, शेवटचं दृश्य राहिलंय. हाही उडाला असता तर रिकामी पेटी दाखवायची का? साधा नायलॉनचा दोरा आहे. आठच दिवस तर झाले. पक्ष्याला काय कळतंय?"

आत्यानं हात पुढे केला. "किल्ली द्या."

ती नराला कापडी पिशवीतून खाली घेऊन आली. त्याच्या छातीचं हाड हाताला टोचत होतं. दोरा कातडी कापून आत रुतला होता आणि त्याच्या खालचा पंजा काळा, थंड पडला होता. खोलीत कुजका वास पसरला. पिटुक नाक दाबून बाहेर पळाला.

जनावरांचे डॉक्टर आले. "पंजा मेलाय," ते म्हणाले. "हा पक्षी पंजानंच शिकार करतो. पिंजऱ्यात ठेवला तर सगळा भार एका पायावर येईल आणि तोही सडेल. कायमचं झोपवायचं इंजेक्शन देऊ या."

केंद्राचे संचालक आले. त्यांनी काकांना त्याच वेळी घालवून दिलं आणि मुलांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. तुमची वही नसती तर हे कधीच उघडकीला आलं नसतं. अहवालात तुमची नावं येतील."

शास्त्रीनं मान वर केली नाही. "आई, आम्ही हसत बसलो होतो. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"पाय वाचला असता," आत्या म्हणाली. मग ती म्हणाली, "किल्ली मी दिली होती."

डॉक्टरांनी सुई भरली. पक्ष्याला धरायला कुणीतरी हवं होतं. ताई पुढे झाली. तिनं नराला टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी धरलं. त्यानं निळसर कडांच्या काळ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. ती हलली नाही. टॉवेलातून त्याच्या छातीची धडधड तिच्या तळव्यांना कळत होती. मग कळेनाशी झाली.

"चांगलं धरलंस," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तिच्या अंगठ्यावरची चोच हलकेच सोडवली.