कडेची चार बोटं

पटलं तर घ्या. पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या मामांच्या बाबतीत घडलंय. मागच्याच शनिवारी, भर दुपारी, कुलूपबंद वर्कशॉपमध्ये.

लाकडाच्या कोरीवकामात थोरल्या मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटे वीस वर्षं त्यांच्या हाताखाली राबले. पण थोरल्यांच्या तोंडून "शाबास" एकदाही निघालं नाही. ते गेले, तरी गिऱ्हाइकं हळहळायची, "थोरले असते तर..." धाकट्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. मेलेल्या भावावर जळायचं म्हणजे हद्दच झाली!

शेवटी ईर्षेने त्यांनी यंत्र आणलं. फळीवर आपल्या चाकांनी फिरत कोरणारं.

पण त्याचे नखरे फार. भुसा साचला की चाकं घसरायची आणि नक्षी वाकडी यायची. खाली पडेल म्हणून कडेची चार बोटं कोरीच सोडायचं. बारीक कामाची वेळ आली की टूं टूं करत थांबायचं. पातं माणसानेच बदलायचं.

त्या दिवशी दाराची एक फळी वेल कोरायला यंत्राला देऊन मामा मागच्या घरात जेवायला बसले.

टूं... टूं...

"भावजी, बोलावतंय तुम्हाला," मोठी मामी म्हणाली.

"बोंबलू दे."

आवाज थांबला.

आणि मोटर सुरू झाली... बारीक पात्यावर.

मामा उष्ट्या हातानेच धावले.

कुलूप जसंच्या तसं. किल्ली त्यांच्याच खिशात.

मोटर थांबली. आतून फुंकर ऐकू आली... भुसा उडवल्यासारखी.

मग पटाशीचे ठोके... टक... टक...

मग ओळखीचा आवाज.

"शाबास."

मामांनी दार उघडलं.

आत कुणीच नव्हतं. वेल मात्र पार कडेपर्यंत कोरलेली. मागोमाग आलेल्या मामीने त्यावरून बोट फिरवलं आणि तिला रडू फुटलं. "यांचाच हात आहे हो..."

मामा यंत्राकडे बघत होते. "दादा, वीस वर्षं माझ्याकडून भुसा झाडून घेतलास," ते म्हणाले, "आणि याच्यासाठी स्वतः फुंकतोस?"

काल मी त्यांना विचारलं, "आत जायची भीती नाही वाटत?"

"परवा आतच बसलो होतो. पातं मी बदललं. कडेची चार बोटं मीच कोरली, अगदी जीव ओतून."

"मग?"

मामांनी बाहीवरचा भुसा झटकला.

"कुणीच काही बोललं नाही रे."