झावेनची झांज

त्या सकाळी मी नेहमीसारखी फक्त जोड्या लावायला खाली उतरले होते.

आमचं घर कारखान्याच्या वरच, इस्तंबूलच्या सामात्या भागात, उतारावर, समुद्राच्या अंगाला. खाली ड्रमच्या झांजा घडत. तांबं आणि कथील मुशीत वितळायचं, त्याच्या चकत्या ओतायच्या, लाटायच्या, आणि मग माणसं ऐरणीपाशी बसून हातोडीनं त्या मठारत. कडेपासून सुरुवात करायची आणि गोल गोल आत, मधल्या वाटीपर्यंत जायचं. या कामात माणसाचे कान लवकर जातात. माझे वडील केवोर्क उस्ता, ज्यांना आम्ही घरच्या भाषेत हायरिग, म्हणजे बाबा, म्हणायचो, त्यांच्या तोडीचा मठारणारा अख्ख्या इस्तंबूलमध्ये नव्हता. आणि स्वतःची झांज त्यांना कित्येक वर्षांत ऐकू आली नव्हती. म्हणून कारखान्याचे कान मी होते. तयार झांज अंगठ्यावर तोलायची, लाकडी काठीनं कडेला हलका टोला द्यायचा आणि सांगायचं, ही ठेवा, ही परत भट्टीत, ही हिची जोडीदारीण. कोणती कुणी मठारली तेही मी डोळे मिटून सांगायचे.

"पोरीला कान दिले देवानं," हायरिग म्हणत, "बापाचे काढून."

माझा धाकटा भाऊ झावेन त्याच कानांवरून मला छळायचा. मोठे आहेत ते, आता काय करणार. मला तो ससोबा म्हणायचा. कारखान्यात डावखुरा तो एकटाच, त्यामुळे त्याच्या हातोडीचे खळगे इतरांपेक्षा उलट्या बाजूला झुकलेले असत. हातोडीची चालही त्याचीच: दोन ठोके, मध्ये श्वास, मग एक. आणि आवाज... काय सांगू तुम्हाला! दुसऱ्यांच्या झांजा लखलखत, याची धुमसायची. टोला संपला तरी आवाज खोलीतून जायचा नाही, कोपऱ्यात बसून राहायचा. लांबलांबचे ड्रमवाले त्याच्या हातची झांज मागून घेत. अंगानं ताडमाड उंच. कारखान्याच्या दारावरची तुळई खाली आहे, तिच्याखालून वाकून आत यायचा आणि वाकताना डाव्या हातानं तिला थोपटायचा.

त्या हिवाळ्यात ताप त्याच्या छातीत उतरला. मी कापराचं तेल चोळून चोळून हात सोलून घेतले. शेवटी नुसता खोकला उरला होता, दोन कोरडे ठसके, थांबून एक ओला. मग तोही थांबला.

त्याच्या ऐरणीवर एक मोठी झांज अर्धी मठारून राहिली. आमच्याकडे नेम आहे, एका झांजेवर एकच हात. माणूस गेला तर त्याचं अर्धं काम मुशीत. कुणी पुरं करायचं नाही, कुणी टांगून ठेवायचं नाही. का, ते कुणी सांगत नाही. दफनाहून परतल्यावर भट्टीवरचा नुबार ती न्यायला आला, तर हायरिगनी झांज छातीशी धरली.

"उस्ता, नेम तुम्हीच शिकवलात आम्हाला."

"सकाळी पोराला मातीत घातलं. आता त्याचा आवाज आगीत घालू? निघ!"

आणि त्यांनी ती खिडकीजवळच्या खिळ्याला टांगली.

चाळिसावा दिवस झाला. चर्चमध्ये प्रार्थना झाली, आत्म्याचं जेवण झालं, लोक घरोघर गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही सकाळ, मी जोड्या लावायला उतरले ती. हायरिग खिळ्यापाशी उभे होते, डोळे वाहत होते आणि तोंडावर हसू.

"आर्शो, वाजली ही. मला ऐकू आली."

"काय ऐकू आलं?" मी ओठ मोठे करून विचारलं. ते ओठांवरूनच बोलणं समजून घेत.

"ही गं! ऐक ना."

मी काठी घेतली आणि टोला दिला. अर्धवट मठारलेली झांज कोंडलेली वाजते. ही कोंडलेली नव्हती. मी ती उजेडात धरली. कालपर्यंत कोऱ्या असलेल्या पत्र्यावर खळग्यांची एक नवी रांग उठली होती, आतल्या अंगाला, उलट्या बाजूला झुकलेली.

मला वाटलं, म्हातारा डाव्या हातानं गिरवतोय. पोराचं दुःख आहे, करू दे. रोज एक नवी रांग उठायची आणि रोज आवाज आणखी खाली, आणखी मोकळा व्हायचा. मग एके दिवशी जेवताना हायरिगनी चमचा डाव्या हातात घेतला. दुसऱ्या दिवशीही. त्या रात्री भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. दोन कोरडे, थांबून एक ओला. मी उठून अंथरुणात बसले ती सकाळपर्यंत तशीच.

दक्षिणेकडून लोदोस वारा सुटला की सामात्यात डोकी दुखतात, कोळी होड्या वर ओढतात आणि भर दुपारी अंधारून येतं. धूर खाली दबतो म्हणून भट्टी बंद, माणसं घरी. अशा दुपारी मी वर कांदे चिरत होते. खाली हातोडी सुरू झाली. दोन ठोके, श्वास, एक. दोन ठोके, श्वास, एक.

मी सुरी हातात घेऊनच जिना उतरले. कारखान्यात तांब्याचा वास असतो. त्या दुपारी कापराचा होता.

हायरिग झावेनच्या ऐरणीपाशी बसले होते, माझ्याकडे पाठ करून. हातोडी डाव्या हातात. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी पुढे पाऊल टाकलं. बहिऱ्या माणसाला ते कळायचं काहीच कारण नव्हतं.

"ये ससोबा..." ते वळून न बघता म्हणाले. "थोडंच राहिलंय."

हायरिगनी मला जन्मात कधी ससोबा म्हटलं नव्हतं.

मी पुढे होऊन त्यांचा खांदा हलवला. डोळे मिटलेले होते, ते उघडले.

"कोण, आर्शो? डुलकी लागली वाटतं." त्यांनी उजवा हात उचलायला पाहिलं. उचलला गेला नाही. "मुंग्या आल्यात," म्हणाले आणि खोकले.

खळगे वाटीपासून दोन बोटांवर येऊन ठेपले होते.

"हायरिग, ही मुशीत घालू या," मी म्हटलं. "उद्याच."

"तू दिवसभर ऐकतेस. चिमण्या ऐकतेस, आगगाडी ऐकतेस, भांडणं ऐकतेस. मला एक आवाज येतो, तोही माझ्या पोराचा. तेवढाही काढून घेतेस?"

"तो तुम्हाला न्यायला आलाय..."

"मग? जाईन की."

"तुम्ही जाल. मी कुणाकडे बघू?"

त्यांनी झांज पालथी करून कुशीत घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी तिथेच ठरवलं. गेलेला भाऊ परत येत नसतो, आणि आला तर असा यायला नको. मला माझा बाप हवा होता.

सकाळी वारा पडला, भट्टी पेटली. हायरिग वर झोपले होते. मी झांज खिळ्यावरून काढली आणि भट्टीपाशी नेली. मुशीत घालायची तर आधी तोडावी लागते. आमचं मिश्रण तसं ठिसूळ, घणाचा एक घाव पुरे.

नुबारनं छातीवर क्रूस काढला. "मी नाही मारणार. झावेनबरोबर मासे धरलेत मी."

"मग हो बाजूला. मिश्या काय शोभेला वाढवल्यास?"

मी घण घेतला आणि मारला. झांज तुटली नाही, वाजली. फळ्यांवरच्या सगळ्या झांजा तिच्याबरोबर थरथरायला लागल्या. त्या आवाजात झावेन होता. शब्द नाही, हाक नाही. तो खोलीत आला की खोलीत जे भरून यायचं, तेच. इतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. माझा हात खाली आला. वाटलं, राहू दे. असू दे खिळ्यावर. रोज सकाळी एक टोला, बस्स, जास्त नाही.

आणि वर खोकला सुरू झाला. या वेळी तो थांबत नव्हता.

मी दुसरा घाव घातला.

तुकडे मुशीत पडले तेव्हा हायरिग अनवाणी दारात उभे होते. त्यांनी भट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कानाला हात लावला.

"गेला," म्हणाले.

त्यांचा खोकला त्याच दिवशी गेला. आठवड्याभरात उजवा हात चालायला लागला. पुढे ते बरीच वर्षं जगले, धडधाकट. पण मी बोलायला लागले की डोळे मिटून घ्यायचे. ओठ बघायचेच नाहीत, म्हणजे माझं बोलणं संपलंच. शेवटच्या दिवशीही त्यांनी डोळे मिटले, ते माझ्यासाठी की मरणासाठी, मला सांगता येणार नाही. तरी मी केलं ते बरोबर केलं. आजही म्हणेन.

मुशीत दुसराही धातू होता, तो टाकून थोडाच देतात! त्या ओतीच्या चकत्या झाल्या, आमच्या माणसांनी उजव्या हातानं मठारल्या, मी एकेक वाजवून बघितली. चांगल्या होत्या, साध्या होत्या. इतरांबरोबर देशोदेशी गेल्या.

आता कारखाना बंद आहे. म्हातारपणानं माझेही कान नेले, पार नेले. मी ओठ वाचते. पण जुन्या झांजांना चांगले दिवस आलेत. लोक म्हणतात, वर्षांनी धातू मुरतो, आवाज खुलतो, तसा नव्यात येत नाही. खरं आहे ते. कोण कोण झांजा घेऊन येतात, कुणाच्या हातची म्हणून विचारतात. मी खळग्यांवरून बोट फिरवते, नाव सांगते, चहा पाजते.

या शरदात येन्स नावाचा एक ड्रमवाला आला, हाम्बुर्गचा. चणीनं माझ्याएवढाच, ठेंगणा. तुळईखालून त्याला वाकायचं काहीच कारण नव्हतं. तो वाकला आणि डाव्या हातानं त्यानं ती थोपटली.

त्याचं मोडकंतोडकं तुर्की मी ओठांवरून कसंबसं जुळवलं. ही झांज मिळाल्यापासून त्याला दुसरी चालत नाही. पूर्वी तो उजव्या हातानं वाजवायचा, आता आपोआप डावा पुढे येतो. गंमतच आहे, म्हणाला. मी झांज हातात घेतली. शिक्का आमच्याच कारखान्याचा, आकडा त्याच ओतीचा. मी स्वतः तपासून पाठवलेली. खळगे उलट्या बाजूला झुकलेले होते, कडेपासून आत, आणि वाटीपाशी दोन बोटं जागा कोरी.

"अशा आणखी आहेत," तो म्हणाला. "ज्यांच्याकडे आहेत ते आम्ही एकमेकांना शोधून काढलंय. हिवाळ्यात सगळे इथे येतोय. एकत्र वाजवायच्या आहेत."

"इथेच का?"

त्यानं खांदे उडवले. मग काठी घेऊन कडेला हलका टोला दिला.

मला ऐकू आलं.

किती वेळ मी तशीच बसून होते कोण जाणे. भान आलं तेव्हा तो निघाला होता, दारात, पाठ माझ्याकडे. त्याचे ओठ मला दिसत नव्हते. तो दोनदा कोरडं खोकला, थांबून एकदा ओलं. आणि मग, ज्या भाषेतला एक शब्दही त्याला येत नाही त्या आमच्या घरच्या भाषेत, न वळता म्हणाला...

"थोडंच राहिलंय, ससोबा."

झांज तो इथेच ठेवून गेलाय. घण दाराआड आहे, अजून उचलवेल मला. पण मी त्याला हात लावलेला नाही. खिळा मात्र पुसून ठेवलाय.