एका दिवसात पोर्तुगाल

मी नागपूरची आहे, आणि ज्याला नागपुरात गाडी चालवता येते त्याला जगात कुठेही चालवता येते. हे वाक्य मी गेल्या वर्षी बॉस्टनजवळ, मराठी मंडळाच्या गणपतीत, पार्किंग लॉटमध्ये चार काकूंसमोर म्हटलं. मग मैत्रिणीची गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि मागे उभ्या असलेल्या निळ्या गाडीवर नेऊन आदळली.

निळ्या गाडीत एक मुलगा मोदक खात बसला होता. तो मोदक त्याच्या चष्म्यावर फुटला. तो खाली उतरला, आधी बंपर बघितला, मग मला बघितलं, मग काचेवरचं सारण बोटानं पुसून खाल्लं.

“नागपूर?” त्यानं विचारलं. खिडकी उघडी होती, सगळं ऐकलं होतं त्यानं.

“हो.”

“तिकडे जागा खूप असेल ना... मागे यायला?”

तो आर्य. जन्म न्यू हॅम्पशरचा, मराठी आईचं ऐकून शिकलेलं. दर रविवारी तो मला पार्किंग शिकवायला येऊ लागला. पुढं वर्षभर आला. पॅरलल पार्किंग काही मला जमलं नाही. बाकी जे व्हायचं ते झालं.

मी पुलांची डिझाइन्स तपासायची नोकरी करत होते. व्हिसाच्या लॉटरीत ऑफिसनं तीन वर्षं माझं नाव टाकलं, तिन्ही वर्षं ते आलं नाही. मंगळवारचं परतीचं तिकीट काढलं होतं. मंगळवारी मी गेले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच आशेवर राहायला नको.

आर्यनं मला कधीतरी पोर्तुगाल दाखवायचं कबूल केलं होतं. पण देशाबाहेर पडले तर परत आत घेतील की नाही, ही धाकधूक. म्हणून ते राहतच गेलं. तर शनिवारी सकाळी सातला स्वारी दारात हजर. म्हणाला, चल, एका दिवसात दाखवतो, पासपोर्ट नको. फॉल रिव्हर, न्यू बेडफर्ड आणि शेवटी केप कॉडच्या पार टोकाला प्रॉव्हिन्सटाउन. पोर्तुगीज कोळी आणि गिरणी कामगार कधीकाळी बोटींनी आले आणि या किनाऱ्यावरच राहून गेले. त्यांचं नाव कुठल्या लॉटरीत टाकलं होतं, असं मी विचारलं. तो हसला नाही.

गाडीत बसण्याआधी मी एक अट घातली. आज लग्नाचं विचारायचं नाही. आर्य अमेरिकेचा नागरिक. गेले दोन महिने माझ्या रूममेटपासून त्याच्या आईपर्यंत, म्हणजे मालिनीकाकूंपर्यंत, सगळे एकच सुचवत होते, की कोर्टात जा, एक सही करा, सुटला प्रश्न.

“तू विचारलंस तर मी हो म्हणेन,” मी म्हटलं. “आणि मग मला जन्मात कळणार नाही, तू मला विचारलंस की माझं विमान थांबवलंस.”

त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“ओके,” म्हणाला. “नो क्वेश्चन्स.”

मी गाडी सुरू केली. पहिल्याच डाव्या वळणाला डॅशबोर्डवरचा गणपती सुटून त्याच्या मांडीवर पडला. मालिनीकाकूंनी चिकटवलेला. दर डाव्या वळणाला पडायचा. दिवसभर आर्यनं मग तो हातातच धरला.

फॉल रिव्हरला एक बेकरी होती. काउंटरमागे ऐंशीच्या घरातल्या आजी. मी बोट दाखवून सवयीनं “पाव” म्हटलं आणि त्यांनी लगेच पाव दिला; शब्द मुळात पोर्तुगीजच. तीन वर्षांत तिथल्या दुकानांत माझं मराठी पहिल्या झटक्यात कुणाला कळलं असेल, तर त्या आजींना. मग त्यांनी पोर्तुगीजमध्ये हसत काहीतरी लांबलचक विचारलं. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांना उलट बोलायचं नाही या संस्कारानं आम्ही दोघांनी जोरजोरात मान हलवली. आजींनी काउंटरमागून बाहेर येऊन आम्हाला एकेक पापी दिली आणि भला मोठा गोड पाव रिबीन बांधून हातात ठेवला.

मागच्या गिऱ्हाइकानं इंग्लिशमध्ये सांगितलं, त्या विचारत होत्या, नवीन लग्न झालंय का.

खरं सांगायला वेळ होता. आजी समोरच उभ्या होत्या. आर्यनं माझ्याकडे बघितलं, मी रिबिनीकडे.

“मी नाही विचारलं,” बाहेर आल्यावर तो म्हणाला. “आजींनी विचारलं.”

“हो ना. आणि मी हो म्हटलं.”

“मीपण.”

आम्ही न्यू बेडफर्डची वाट धरली. पाव मागच्या सीटवर बसला होता, सासरी निघाल्यासारखा.

न्यू बेडफर्डला धुकं होतं. मासेमारीच्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या. आर्यनं डोनटसारखा तळलेला पोर्तुगीज मलासादा घेतला, साखरेत घोळवलेला, गरम. हे खाण्यात मी एक्स्पर्ट आहे, असं म्हणत एक घास घेऊन त्यानं तो वर धरला, आणि सीगलनं तो अलगद नेला. आर्य पार धक्क्याच्या टोकापर्यंत त्याच्यामागे “मेल्या, मेल्या” करत धावला. आईकडून शिकलेली तेवढीच शिवी त्याच्याकडे होती. परत आला तेव्हा ओठांवर साखर होती. ती मी पुसली. पुसायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा जरा जास्तच लागला...

केप कॉडच्या पुलाआधी दीड तास ट्रॅफिक. आर्य म्हणाला, पुलांची इंजिनियर शेजारी असून पुलानं अडवावं, काय ही इज्जत. मी म्हटलं, पुलाचा दोष नाही, पूल नेहमी दोन्हीकडून उघडा असतो. त्याचा हात माझ्या हातावर होता. गाडी इंच इंच सरकत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हा जाम सुटू नये.

प्रॉव्हिन्सटाउनला पोचेपर्यंत तो झोपला होता. धक्क्याजवळ दोन गाड्यांच्या मध्ये एवढीशी जागा होती. मी आरसा बघितला, एकदाच मागे घेतली आणि गाडी फुटपाथला समांतर बसली. वर्षभर न जमलेलं एका दमात. त्याला उठवलं असतं तर त्यानं टाळ्या वाजवल्या असत्या आणि मी रडले असते. म्हणून पाच मिनिटं तशीच बसले. त्याच्या मुठीत गणपती होता.

धक्क्यावरच्या एका इमारतीवर जुन्या पोर्तुगीज बायकांचे मोठाले फोटो लावलेत. सगळ्या समुद्राकडे बघतात. त्यांच्याखाली उभं राहून आर्यनं पिशवीतून दह्याचा डबा काढला. सकाळपासून बर्फात ठेवून आणला होता.

“व्हॅनिला आहे,” तो म्हणाला. “प्लेन संपलं होतं.”

“हे काय आहे आर्य?”

“आई म्हणते, लांब जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं. मग तो परत येतो. कॉलेजला जाताना तिनं मला चार वर्षं घातलं. मी दर वीकेंडला परत यायचो, कपडे धुवायला. इट वर्क्स.”

“एअरपोर्टवर घाल ना.”

“तिथं सगळे असतील. आईच घालेल मग.”

“दही कुणी घालायचं असतं, माहितीये?”

त्याला माहीत होतं. कान लाल झाले होते.

“घरच्या माणसानं,” तो म्हणाला. आणि घाईघाईनं, “हा क्वेश्चन नाहीये, वल्लरी. मी अट नाही मोडली. मी फक्त... सांगतोय.”

माझ्या लक्षात आलं, की विमान थांबवायला निघालेला माणूस दही आणत नाही. दही आणतो तो जाऊ देणारा. सकाळपासून मला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं. अट मीच घातली होती, काढायचीही मीच. दही खायचं आणि म्हणायचं, विचार. आधी दही, मग बोलणं, असं मी उगाचच ठरवलं.

मी उजवा हात पुढं केला. त्यानं चमच्यानं दही घातलं. थोडं माझ्या बाहीवर सांडलं, बाकीचं तळहातावर, गार.

मी हात तोंडाकडे नेला. सीगल मागून आला आणि दही घेऊन गेला. आर्य दचकला, डबा समुद्रात पडला. आधी दही असं ठरलं होतं, दहीच गेलं, म्हणून ‘विचार’ म्हणायचं राहूनच गेलं.