मुद्देमाल खोलीतला डबा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, मला राग नाही.

२०२३चा मे महिना. भर दुपार. बुलढाणा जिल्ह्यातलं एक पोलीस ठाणं. ठाण्याचं नाव सांगणार नाही, कारण जिच्यासोबत हे घडलं ती मंजुश्री सरकटे अजून तिथंच नोकरीला आहे. माझी मावसबहीण. वर्दीतली बाई. खोटं बोलणं तिला जमत नाही.

त्या महिन्यात तिच्याकडं मुद्देमाल खोलीचा चार्ज आला.

मुद्देमाल खोली म्हणजे जप्त केलेल्या आणि बेवारस सापडलेल्या वस्तू ठेवायची जागा. गावठी दारूचे कॅन, रक्ताचे डाग असलेली कुऱ्हाड, चोरीचे मोबाइल, मेलेल्या माणसांचे कपडे. प्रत्येक वस्तू कापडात शिवलेली. गाठीवर लाखेचं सील, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. खिडकी एकही नाही. लोखंडी दार एकच, आणि त्याची चावी फक्त मुद्देमाल कारकुनाकडं.

जुने कारकून हवालदार हिंमतराव महिनाअखेर रिटायर होणार होते. दोघं मिळून एकेक वस्तू रजिस्टरशी ताडून पाहत होते. हिंमतराव नंबर वाचायचे, वस्तू हातात घेऊन दाखवायचे, मंजुश्री खूण करायची.

शेवटच्या रॅकपाशी ते थांबले.

खालच्या फळीवर एक पुडकं होतं. हिंमतरावांनी ते उचललं नाही. नुसतं बोट दाखवलं.

"अकस्मात मृत्यू, दोन हजार सोळा. अनोळखी पुरुष. कपडे अन् स्टीलचा डबा. लिहून घे."

"काका, हातात घेऊन दाखवा ना."

"आहे तिथं आहे. लिही." मग आवाज बारीक करून म्हणाले, "अन् एक ऐक. दुपारी साडेबाराले ह्या खोलीत येत नको जाऊ."

"काऊन?"

"जेवायची वेळ असते ती."

मंजुश्री हसली. भूतबाधा, अंगारे-धुपारे ह्यांना तिच्या घरात कधी थारा नव्हता. काकांना थकवा आलाय, एवढंच तिला वाटलं. तिनं चार्ज घेतला. सही केली.

आठ दिवस काही झालं नाही.

नवव्या दिवशी कोर्टात न्यायचा एक मोबाइल काढायला ती आत गेली. बाहेर ऊन असं की डांबर वितळत होतं. ठाण्यातले बाकीचे जेवायला बसले होते. घड्याळाकडं तिचं लक्षच नव्हतं.

मोबाइल सापडला. ती वळली.

खट्...

डब्याची कडी उघडल्याचा आवाज.

ती थांबली. उंदीर असेल.

खट्... दुसरी कडी.

आणि मग वास आला. गरम भाकरीचा, आणि तेलात परतलेल्या सुकटाचा. कुणीतरी शेजारी बसून डबा उघडावा, तसा.

ती वाकली. पुडकं जागेवर होतं. लाख शाबूत, दोरा शाबूत. तिनं कापडावर हात ठेवला...

कापड गरम होतं.

ती बाहेर आली, कुलूप लावलं, आणि ते ओढून पाहायला विसरली नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं हिंमतरावांना गाठलं. 

"नदीकाठी बाभळीखाली सापडला होता तो," ते म्हणाले. "उन्हानं गेला, असं डॉक्टरनं लिहिलं. पंचनामा मीच केला. डबा भरलेला होता, पोरी. भाकरी अन् सुकट. एक घासही मोडला नव्हता. अन्न फेकलं, डबा धुतला, सील केला. अन् दुसऱ्याच दिवसापासून..."

"डब्यावर काही नाव नव्हतं?"

"मी स्वतः उलटापालटा करून पाह्यला. काहीच नव्हतं."

हिंमतराव रिटायर झाले. जूनमध्ये उंदरांनी त्या पुडक्याचं कापड कुरतडलं. आता ते नव्यानं बांधणं भाग होतं. साहेबांची परवानगी घेऊन मंजुश्रीनं दोन पंच बोलावले, ग्रामपंचायतीचा लिपिक शंतनु आणि समोरचा झेरॉक्सवाला. सकाळी दहा वाजता, व्हरांड्यात, सगळ्यांसमोर तिनं लाख फोडली.

आत कपडे होते. कडक झालेले, धुळीच्या वासाचे.

आणि डबा.

लख्ख. आताच घासून ठेवल्यासारखा. आत पाण्याचे थेंब होते...

"मॅडम, हे सात वर्षं बंद होतं ना?" शंतनुनं विचारलं. 

तिनं डबा उलटा केला. बुडाला भांड्यांच्या दुकानात कोरतात तसं नाव होतं. ठळक.

वामन रिंढे, साखरखेर्डा.

साखरखेर्ड्याला घर शोधायला वेळ लागला नाही. रुक्मिणीबाई रिंढे दारातच डाळ निवडत बसल्या होत्या. कपाळावर मोठं कुंकू. वर्दी पाहून त्या उठल्या.

"मावशी, वामनराव कुठं असतात?"

"भांडून गेले, बाई. सात वर्षं झाली. गवंडी होते, चार-चार महिने कामावर राहायचे. वाटलं, राग गेला की येतील. मंग वाटलं, दुसरं घर केलं असंल. रिपोर्ट तरी काय द्यायचा, लोकं हसले असते."

मंजुश्रीनं सोबत आणलेले कपड्यांचे फोटो दाखवले. रुक्मिणीबाईंनी सदऱ्याच्या बाहीवर बोट ठेवलं. तिथं ठिगळ होतं, निळ्या दोऱ्यानं घातलेलं.

"पांढरा दोरा सरला होता त्या दिवशी," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदरानं कुंकू पुसलं. आवाज न करता. मंजुश्री सांगते, तेवढं जड तिनं नोकरीत काही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डब्याचा फोटो पुढं केला.

"हा आमचाच. लग्नातला."

"नाव तेव्हापासूनचं आहे?"

"हाव. लग्नातच कोरलेलं." म्हणजे हिंमतरावांनी पाहिलं तेव्हाही ते असायलाच हवं होतं. मग म्हातारीनं विचारलं, "भुकेले गेले का हो?"

तिला बरं वाटावं म्हणून मंजुश्री म्हणाली, "डबा भरलेला होता, मावशी. जवळच होता."

फोटोवरून फिरणारा रुक्मिणीबाईंचा हात थांबला.

"भरलेला? कशानं?"

"भाकरी आणि सुकट."

म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली.

"बाई, ते माळकरी होते. सुकटाच्या वासानं ताटावरून उठायचे. अन् त्या दिवशी मी डबा भरलाच नव्हता. भांडण झालं होतं. रिकामा डबा घेऊन निघाले..."

म्हातारीनं फोटो परत मंजुश्रीच्या हातात ठेवला.

"मंग तो भरला कोणं?"

कोर्टाच्या आदेशानं कपडे रुक्मिणीबाईंना मिळाले. घरच्यांनी दिवस घातले. डब्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. "ते आमचं राह्यलं नाही आता," म्हणाल्या, आणि तसं लिहूनही दिलं.

वामनरावांचं नाव लागलं, की आवाज थांबेल असं मंजुश्रीला वाटलं होतं.

थांबला नाही. कारण जेवणारे वामनराव नव्हतेच.

आता साहेबांनी डबा नष्ट करण्यासाठी कोर्टात अर्ज दिला आहे. आदेश अजून आलेला नाही. तोवर सांभाळायचा, सही तिची आहे. साडेबारा वाजता ती ठाण्याबाहेर निघून जाते, हॉटेलात बसते.

पण गेल्या दिवाळीच्या आधी एका दुपारी साहेब पंचनाम्याला गेले होते, आणि ठाणं सोडता येईना. ती खोलीकडं पाठ करून टेबलाशी बसली. कान रेडिओकडं लावून.

खट्...

खट्...

तिनं मागं पाहिलं नाही.

आणि बंद दाराआडून, अगदी आपुलकीनं, घरच्यासारखा आवाज आला...

"जेवल्या का, बाई?"

आपल्याकडं ह्या प्रश्नाला कुणी विचार करून उत्तर देत नाही. मंजुश्रीच्याही तोंडून निघून गेलं...

"नाही अजून."

त्या दिवसापासून तिला दुपारची भूक लागत नाही. पोट भरलेलं असतं, म्हणते.

वजन मात्र अकरा किलो उतरलंय.